घड्याळ गेलं, पैसे गेले, आणि दोषही त्याचाच?

"लोभापायी फसला." कुणी जुनं घड्याळ ऑनलाइन घ्यायला किंवा विकायला गेला आणि पैसे घालवून बसला, की पहिला शेरा हाच येतो. पारावर येतो, बँकेच्या काउंटरवर येतो, तक्रार लिहून घेणाऱ्याच्या तोंडून येतो आणि दुसऱ्या दिवशीच्या बातमीत "आमिषाला बळी पडून" या शब्दांत छापूनही येतो. असं म्हणणारे लोक दुष्ट नसतात. माणूस सावध राहिला असता तर वाचला असता, असं त्यांना मनापासून वाटतं. या समजुतीला मला उत्तर द्यायचं आहे. ती निष्ठुर तर आहेच, पण त्याआधी ती चुकीची आहे. आणि ज्यांनी या फसवणुकीची जबाबदारी घ्यायला हवी, ते सगळे तिच्याच आडोशाला निवांत बसले आहेत.

साखरा हे हिंगोली जिल्ह्यातल्या सेनगाव तालुक्यातलं गाव. महागड्या घड्याळांच्या व्यवहाराचा साखऱ्याशी काय संबंध, असं कुणी विचारेल. संबंध आहे. मराठवाड्यातल्या गावांत एके काळी लग्नात जावयाच्या हातात घड्याळ घातल्याशिवाय मानपान पुरा होत नसे, आणि ते घड्याळ बहुधा एचएमटीचं असे. या सरकारी कंपनीने १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीने बंगळुरूत घड्याळं बनवायला सुरुवात केली. केंद्र सरकारने जानेवारी २०१६ मध्ये एचएमटी वॉचेस बंद करायला मंजुरी दिली आणि 'जनता', 'पायलट', 'कांचन' ही नावं संग्राहकांच्या तोंडी झाली. आजोबांच्या पेटीतल्या चावीच्या घड्याळाला आज दूरच्या शहरात गिऱ्हाईक आहे. इकडे गावातून पुण्या-मुंबईला नोकरीला गेलेला मुलगा चार पैसे साठवून जुनं राडो किंवा ओमेगा शोधत असतो. विकणारा गावातला, घेणारा शहरातला, किंवा उलट. दोघांचे पैसे जातात-येतात ते त्याच खात्यातून, ज्यात सोयाबीनची पट्टी आणि हळदीचे पैसे जमा होतात. म्हणून घड्याळाच्या सौद्यात खात्याला लागलेला धक्का हौसेपुरता राहत नाही, तो घराच्या वर्षभराच्या कमाईला लागतो.

आता लोभाचा मुद्दा घेऊ. दोन लाखांचं घड्याळ वीस हजारांत मिळतंय म्हणून कुणी डोळे झाकून पैसे पाठवले, तर त्याला सावध करायलाच हवं. पण जो विकायला बसला आहे, त्याचा लोभ कुठे आहे? विकणाराही फसतो, आणि कसा फसतो ते नीट बघण्यासारखं आहे. तो घड्याळाचा फोटो टाकतो, चार हजार रुपये सांगतो. थोड्याच वेळात फोन येतो. समोरचा घासाघीस करत नाही. मी लष्करात आहे, बदली झाली आहे, स्वतः येऊ शकत नाही, माणूस पाठवून घड्याळ नेतो, असं म्हणतो आणि गणवेशातल्या फोटोचं ओळखपत्र पाठवतो. मग म्हणतो, "आधी एक रुपया टाकतो, आला का बघा." रुपया खरोखर येतो. विश्वास बसतो. त्यानंतर तो क्यूआर कोड पाठवतो आणि म्हणतो, "हा स्कॅन करा, तुमचे चार हजार जमा होतील." स्कॅन केल्यावर ॲप पिन मागतं. विकणारा पिन टाकतो आणि चार हजार यायच्या ऐवजी जातात.

पैसे घ्यायला पिन लागत नाही, हे त्याला कळायला नको होतं का, असं शहाणी माणसं विचारतात. पण तोच पिन शिल्लक बघायलाही लागतो. पिन टाकणं म्हणजे पैसे देणंच, असा अर्थ त्याच्या मनात ठसला नसेल तर तो दोष एकट्या त्याचा नाही, ज्यांनी ही रचना केली त्यांचाही आहे. माझं म्हणणं ताणलेलं वाटत असेल तर एका निर्णयाकडे बघा. यूपीआय ११ एप्रिल २०१६ ला सुरू झालं. कुणीही अनोळखी माणसाने तुमच्या फोनवर पैशाची मागणी पाठवावी आणि तुम्ही पिन टाकताच पैसे त्याच्याकडे जावेत, अशी सोय त्यात होती. भामट्यांनी तिचा यथेच्छ वापर केला. शेवटी नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने १ ऑक्टोबर २०२५ पासून व्यक्ती-व्यक्तींमधली ही मागणीची सोय बंद केली. लोकांचा लोभ हेच मूळ असतं, तर सोय बंद करून काय साधणार होतं? ज्या संस्थेने यूपीआय उभं केलं, तिनेच या निर्णयातून रचनेत खोट होती हे मान्य केलं आहे. ही एक खोट काढायला नऊ वर्षांवर काळ गेला, आणि त्या सगळ्या वर्षांत आपण फसलेल्यालाच बोल लावत राहिलो.

दुसरा आक्षेप अडाणीपणाचा. "गावाकडच्या माणसाला मोबाइल कळत नाही, तो फसणारच." हे ऐकून मला राग येतो. पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेतून ऑगस्ट २०१८ मध्ये ९४ कोटींहून जास्त रक्कम गेली. बनावट कार्डं वापरून २८ देशांतल्या एटीएममधून पैसे काढले गेले, काही रक्कम हाँगकाँगच्या बँकेतल्या खात्यात वळवली गेली. बँकेकडे संगणकतज्ज्ञ होते, सुरक्षेवर खर्च होता, वर देखरेख होती. तरीही बँक फसली. बँक अडाणी होती, असं तेव्हा कुणी म्हटलं नाही. गुन्हा झाला असं म्हटलं, तपास झाला, आणि २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना शिक्षा सुनावली. बँक फसली की गुन्हा आणि शेतकऱ्याचा पोरगा फसला की मूर्खपणा, हा न्याय कुठला? केंद्रीय गृह मंत्रालयाने संसदेत दिलेल्या आकड्यांनुसार २०२४ या एका वर्षात सायबर गुन्ह्यांच्या २२ लाखांहून जास्त घटना नोंदल्या गेल्या आणि सायबर फसवणुकीत लोकांचे २२,८४५ कोटी रुपये गेले. आधीच्या वर्षी हाच आकडा ७,४६५ कोटी होता. एका वर्षात देशातला लोभ आणि अडाणीपणा तिपटीने वाढला, असं कुणी गंभीरपणे म्हणू शकेल का?

लोभ नाही, अडाणीपणा नाही, तरी माणूस कसा बुडतो, याचा सर्वांत स्पष्ट नमुना महागड्या घड्याळांच्या व्यवहारातच दिसतो. समजा, पुण्यात एकाने आपलं वापरलेलं ओमेगा घड्याळ २ लाख ४० हजारांना विकायला काढलं. भामटा त्याचे फोटो उचलतो आणि स्वतःच्या नावाने, किंमत किंचित उतरवून, नागपूरच्या एका संग्राहकाला दाखवतो. पुण्याच्या विक्रेत्याशीही तो त्याच किमतीला सौदा पक्का करतो. मग पुण्याच्या माणसाचा खाते क्रमांक नागपूरच्या माणसाला देतो आणि "हे माझ्या भावाचं खातं" असं सांगतो. नागपूरहून पैसे निघतात. पुण्याच्या विक्रेत्याला बँकेचा संदेश येतो, तो ॲपमध्ये शिल्लक तपासतो, पैसे खरोखर जमा आहेत. भामट्याचा माणूस दारात येतो आणि घड्याळ घेऊन जातो. नागपूरच्या माणसाकडे घड्याळ कधीच पोहोचत नाही. तो १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर तक्रार करतो, आणि दोन-चार दिवसांत पुण्याच्या विक्रेत्याच्या खात्याला होल्ड लागतो.

या प्रकरणात विक्रेत्याने काय चुकीचं केलं? बाजारभाव मागितला, पैसे खात्यात आल्याची खात्री केली, मगच वस्तू दिली. घड्याळाच्या व्यवहारात मुरलेली माणसं नवख्याला हाच सल्ला देतात. तरी त्याचं घड्याळ गेलं, पैसे अडकले आणि पोलिसांच्या नोंदीत त्याचं नाव संशयित लाभार्थी म्हणून चढलं. आता हेच साखऱ्यातल्या एकुलतं एक खातं असणाऱ्या माणसाच्या बाबतीत झालं असं धरा. पीकविम्याची रक्कम, किसान सन्मानचा हप्ता, सोसायटीच्या कर्जाचे पैसे, सगळंच थांबतं. केरळ उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये बँकांना सांगितलं की तक्रारीत असेल तेवढीच रक्कम रोखावी, पूर्ण खातं गोठवू नये. हा विचार देशभर नियम म्हणून लागू व्हायला हवा. पेरणीच्या तोंडावर खातं बंद पडलेल्या माणसाने उच्च न्यायालयात जावं, अशी अपेक्षा करता येत नाही.

तिसरा आक्षेप सल्ल्याच्या रूपात, मोठ्या आपुलकीने येतो, "मग ऑनलाइनच्या भानगडीत पडायचंच कशाला? समोरासमोर, रोखीने करा." आपुलकी मान्य, सल्ला मान्य नाही. आयकर कायद्याने १ एप्रिल २०१७ पासून एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला बंदी आहे. बंदी मोडून रक्कम घेणाऱ्याला तेवढाच दंड बसू शकतो. म्हणजे दोन लाखांवरचं घड्याळ रोखीने विकायला सांगणारा माणूस तुम्हाला सुरक्षित करत नाही, अडचणीत टाकतो. शिवाय लाखभर रुपये खिशात घेऊन अनोळखी माणसाला भेटायला जाणं यात कसली सुरक्षितता आहे?

समोरासमोर बघितलं म्हणजे माल खरा, हेही तितकंसं खरं नाही. जगभरच्या घड्याळ-संग्राहकांत 'मुंबई स्पेशल' नावाचा एक प्रकार कुप्रसिद्ध आहे. जुनी एचएमटी, सेको किंवा फेवर ल्युबाची मोडकी घड्याळं घाऊक भावात घ्यायची, तबकडी खरवडून नव्याने रंगवायची, एका घड्याळाची केस, दुसऱ्याचे काटे आणि तिसऱ्याचं यंत्र एकत्र बसवायचं आणि नव्यासारखं चकचकीत करून विकायचं. कारखान्याने कधीच न काढलेल्या रंगांच्या तबकड्या त्यात दिसतात. भिंग लावलं तर अक्षरांच्या कडा फुगलेल्या दिसतात, मिनिटांच्या रेघा तासांच्या खुणांशी जुळत नाहीत, तळाची बारीक अक्षरं गायब असतात. पण भिंग लावायचं कुठे, हे ठाऊक असावं लागतं. नुसत्या डोळ्यांनी समोर बसून बघणारा माणूसही यात फसतो. आणि घड्याळ चोरीचं निघालं, तर पैसे मोजूनही ते आपलं होत नाही. १९३० च्या वस्तुविक्री कायद्याचं तत्त्व असं आहे की विकणाऱ्याकडेच मालकी नसेल, तर तो ती दुसऱ्याला देऊ शकत नाही.

ऑनलाइन बाजार सोडा म्हणण्यात आणखी एक अन्याय आहे. हा बाजार आहे म्हणूनच गावातल्या माणसाला त्याच्या घड्याळाची खरी किंमत कळते. नाहीतर ते दारावर येणाऱ्या भंगारवाल्याला किंवा तालुक्याच्या दुरुस्तीवाल्याला मातीमोल भावाने द्यावं लागलं असतं. बाजार त्याच्यासाठी उघडला, आता तो सुरक्षित करायचा सोडून त्यालाच बाहेर काढायचं, हे मला मान्य नाही.

अनोळखी माणसांमधला दूरवरचा व्यवहार ही काही आजची गोष्ट नाही. टपाल खात्याने १८७७ साली व्हीपीची पद्धत सुरू केली. गावात बसलेला माणूस शहरातून पुस्तक, औषध, घड्याळ मागवायचा आणि पार्सल हाती देताना पोस्टमन पैसे घ्यायचा. त्यातही लबाडी होत असे, पार्सलमधून भलतंच काही निघे. पण पैसे आणि वस्तू यांच्या मधे एक तिसरा उभा होता, आणि तो ओळखीचा होता. यूपीआयने हा तिसरा काढून टाकला. पैसे क्षणात पोहोचतात, परत येत नाहीत, वस्तू मात्र तीन दिवसांनी येते किंवा येतच नाही. जो आधी हात पुढे करतो, सगळा धोका त्याच्याच माथी. महागड्या घड्याळांच्या मोठ्या बाजारपेठांनी ही उणीव ओळखली आहे. जर्मनीतल्या कार्ल्सरूहे इथल्या क्रोनो२४ वर खरेदीदाराचे पैसे एस्क्रो, म्हणजे त्रयस्थाच्या खात्यात थांबतात आणि घड्याळ पोहोचल्यावर विक्रेत्याला दिले जातात. ईबेने अमेरिकेत २०२० पासून ठरावीक किमतीवरची घड्याळं आधी तज्ज्ञाकडून तपासून मगच खरेदीदाराकडे पाठवायला सुरुवात केली. आपल्याकडे मात्र वापरलेल्या घड्याळांचे कितीतरी सौदे व्हॉट्सॲप आणि फेसबुकच्या गटांत होतात. तिथे असा तिसरा नसतो, किंवा असतो तो भामट्यानेच बनवलेल्या खोट्या एस्क्रोच्या लिंकचा.

हिंगोलीच्या हळदीच्या बाजारात शेतकरी आणि व्यापारी एकमेकांना ओळखत नसले तरी सौदा होतो, कारण मधे आडत्या आहे, त्याला परवाना आहे, वजन-मापावर देखरेख आहे आणि तक्रार घेऊन जायला बाजार समिती आहे. पैसे थकले तर शेतकऱ्याला कुणी "लोभी" म्हणत नाही, आडत्याला जाब विचारतात. पैशांच्या ऑनलाइन बाजारातही असाच जाब विचारायला कुणीतरी हवा.

आता चौथ्या आणि सर्वांत वजनदार आक्षेपाकडे येतो. "पिन त्याने स्वतः टाकला. बँकेचा काय दोष?" बँका हेच म्हणतात, आणि त्यांच्या हातात नियमही आहे. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने ग्राहकाला मोठं संरक्षण दिलं. ग्राहकाच्या परवानगीशिवाय पैसे गेले, दोष ना बँकेचा ना त्याचा, आणि त्याने तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर त्याची जबाबदारी शून्य. चूक ग्राहकाची होती हे सिद्ध करण्याची जबाबदारीही बँकेवर. पण ग्राहकाने स्वतःच्या हाताने पैसे पाठवले, फसवून का होईना, की हे छत्र निघून जातं. मग बँक म्हणते, व्यवहार "अधिकृत" होता.

फसवून घेतलेल्या परवानगीला परवानगी म्हणायचं का? कोऱ्या कागदावर फसवून सही घेतली तर कायदा त्या सहीला मान देत नाही. मग फसवून टाकून घेतलेल्या पिनला का द्यावा? न्यायालयंही बँकांचं म्हणणं जसंच्या तसं स्वीकारत नाहीत. आसाममधल्या एका ग्राहकाने ऑनलाइन घेतलेला कपडा परत करताना ग्राहकसेवेच्या नावाने आलेल्या फोनमुळे ९४,२०४ रुपये गमावले. स्टेट बँकेने हात झटकले. गुवाहाटी उच्च न्यायालयाने बँकेला जबाबदार धरलं, आणि ३ जानेवारी २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप करायला नकार दिला. ग्राहकाने चोवीस तासांत तक्रार केली होती, हे त्यात मोलाचं ठरलं. ग्राहकांनीही सावध राहिलं पाहिजे असं न्यायालय म्हणालं, आणि ते योग्यच आहे. पण सगळी सावधगिरी ग्राहकानेच बाळगायची, ही रीत त्या निकालाने नाकारली.

आणि बँकेचा दोष शोधायला फार लांब जावं लागत नाही. पैसे जातात ते हवेत जात नाहीत, दुसऱ्या एका बँकेतल्या खात्यात जातात. ते खातं कुणाच्या तरी कागदपत्रांवर उघडलेलं असतं. बहुतेकदा ते भाड्याचं असतं. ग्रामीण भागातल्या बेकार तरुणाला काही हजार रुपये देऊन त्याचं पासबुक, एटीएम कार्ड आणि सिम घेतलेलं असतं. महिनोन् महिने रिकाम्या पडलेल्या खात्यात एका दिवसात पाच राज्यांतून लाखो रुपये येतात आणि काही मिनिटांत निघून जातात, हे बँकेच्या संगणकाला दिसत नाही का? दिसतं. रिझर्व्ह बँकेच्या इनोव्हेशन हबने अशी खाती हुडकण्यासाठी 'म्यूलहंटर' नावाची प्रणाली बनवली आणि डिसेंबर २०२४ मध्ये बँकांना ती वापरण्याचं आवाहन झालं. सप्टेंबर २०२४ मध्ये भारतीय सायबर गुन्हे समन्वय केंद्राने संशयित खात्यांची नोंदवही बँकांसाठी खुली केली. म्हणजे अशी खाती ओळखता येतात. मग ज्या बँकेने ती ओळखली नाहीत, तिला झळ का लागू नये?

ब्रिटनने याचं उत्तर दिलं आहे. तिथे ७ ऑक्टोबर २०२४ पासून, माणसाने फसवणुकीमुळे स्वतःहून बँकेतून पैसे पाठवले असले तरी बँकांनी ते भरून द्यायचे, जास्तीत जास्त ८५,००० पौंडांपर्यंत. यातली कळीची तरतूद पुढची आहे. भरपाईचा अर्धा वाटा पैसे पाठवणाऱ्याच्या बँकेने द्यायचा आणि अर्धा ज्या बँकेत भामट्याचं खातं आहे तिने. खातं उघडून देणारी बँक निम्मे पैसे भरणार म्हटल्यावर ती खातं उघडताना आणि त्यातली उलाढाल बघताना डोळ्यांत तेल घालते. आपल्याकडे ती बँक काहीच भरत नाही. नुकसान साखऱ्यातल्या माणसाचं, आणि ज्या शाखेत ते खातं उघडलं गेलं तिला साधा खुलासाही द्यावा लागत नाही.

यावर शेवटचा आक्षेप असा, की भरपाई मिळू लागली तर लोक बेफिकीर होतील, खोटे दावे करतील. हा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही. पण ब्रिटनच्या नियमातच त्याची सोय आहे. घोर निष्काळजीपणा सिद्ध झाला किंवा ग्राहक स्वतःच लबाडीत सामील असला तर भरपाई नाही, आणि प्रत्येक दाव्यातून शंभर पौंडांपर्यंत रक्कम बँक कापू शकते. मोटारीचा विमा मिळतो म्हणून कुणी गाडी झाडावर घालत नाही. पोलिसांच्या फेऱ्या, बँकेच्या चकरा, घरातला अपमान, हे सगळं सोसायला कुणी हौसेने फसत नाही.

सरकारला हा बाजार दिसत नाही, असंही नाही. २२ एप्रिल २०२५ पासून दहा लाखांवरच्या मनगटी घड्याळाच्या विक्रीवर विक्रेत्याने एक टक्का कर गोळा करून भरायचा, असा नियम आला. कर घ्यायच्या वेळी घड्याळाचा व्यवहार दिसतो, तर त्याच व्यवहारात माणूस लुटला जातो तेव्हाही तो दिसला पाहिजे.

म्हणून माझ्या मागण्या स्पष्ट आहेत. पहिली, फसवून पाठवायला लावलेले पैसे रिझर्व्ह बँकेने भरपाईच्या नियमात आणावेत आणि निम्मा भार पैसे घेणाऱ्या बँकेवर टाकावा. दुसरी, अनोळखी खात्यात पहिल्यांदाच मोठी रक्कम जात असेल तर ती काही तास थांबवून ठेवण्याचा आणि तेवढ्या वेळात रद्द करण्याचा हक्क ग्राहकाला मिळावा. तिसरी, वापरलेल्या वस्तूंच्या जाहिराती दाखवणाऱ्या कंपन्यांनी विक्रेत्याची ओळख तपासावी आणि एस्क्रोची सोय द्यावी. चौथी, तपासाची. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७८ नुसार या कायद्याखालच्या गुन्ह्याचा तपास पोलीस निरीक्षक किंवा त्यावरच्या अधिकाऱ्यानेच करायचा असतो. लहान ठाण्यात असा अधिकारी कितीसा मोकळा असणार? मग तक्रारदार सेनगावहून हिंगोलीला आणि हिंगोलीहून परत अशा खेपा घालतो आणि तोवर पैसे चार खात्यांतून फिरून निघून गेलेले असतात. प्रशिक्षित उपनिरीक्षकाला हे अधिकार द्यावेत.

हे होईल तेव्हा होईल. तोवर व्यवहार करणाऱ्याने काही गोष्टी पाळाव्यात. त्याची चूक आहे म्हणून मी हे सांगत नाही. आज त्याच्या बाजूने दुसरं कुणी उभं नाही, म्हणून सांगतो. पैसे घेण्यासाठी कधीही पिन टाकू नये, कोड स्कॅन करू नये. समोरच्याने पाठवलेल्या स्क्रीनशॉटवर किंवा साध्या संदेशावर विसंबू नये, स्वतःच्या ॲपमध्ये शिल्लक बघावी. विकताना पैसे ज्याच्या नावाच्या खात्यातून आले त्याच्याशी स्वतः व्हिडिओवर बोलावं आणि घड्याळ त्याच्याच हाती द्यावं. वर सांगितलेली पुणे-नागपूरची त्रिकोणी फसवणूक इथेच पकडली जाते. घेताना पैशांसोबतच्या टिपणीत घड्याळाचं नाव आणि अनुक्रमांक लिहावा. ३० जून २०२५ नंतर यूपीआयवर बँकेच्या नोंदीतलं खरं नाव दिसावं असा नियम आहे. ते नाव विक्रेत्याच्या ओळखपत्राशी जुळलं नाही तर, तो भावाचं खातं म्हणो की मित्राचं, व्यवहार तिथेच थांबवावा. महाग घड्याळ शक्यतो क्रेडिट कार्ड घेणाऱ्या दुकानातून घ्यावं, कारण तिथे वाद नोंदवून पैसे परत मागायची वाट असते. आपलं खातं, कार्ड किंवा सिम कुणाला भाड्याने देऊ नये. त्याचे मिळतील ते हजार रुपये, पण गुन्ह्यात नाव येईल ते आपलं.

आणि एवढं करूनही फसवणूक झालीच, तर लाजेने घरात बसू नये. लगेच १९३० ला फोन करावा, बँकेला लेखी कळवून पोच घ्यावी, राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवावी. पैसे दुसऱ्या खात्यात असेपर्यंतच रोखता येतात, म्हणून पहिल्या तासाची किंमत मोठी. हद्दीचं कारण सांगून कुणी परत पाठवत असेल, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कुठल्याही हद्दीतला असला तरी माहिती नोंदवून घेणं ठाण्याला बंधनकारक आहे, हे ठामपणे सांगावं.

"लोभापायी फसला" या शेऱ्याने सर्वांत मोठं नुकसान इथे होतं. शेऱ्याच्या भीतीने माणूस गप्प बसतो, बायकोला सांगत नाही, बापाला सांगत नाही, ठाण्यात जात नाही, आणि पैसे वाचवता आले असते तो तास निघून जातो. आपण सगळे मिळून भामट्याला तो तास बहाल करतो. म्हणून साखऱ्याच्या आणि आसपासच्या गावांच्या ग्रामसभांनी पुढच्या बैठकीत दोन ठराव करावेत. एक, फसलेल्या माणसाला गावाने दोष देऊ नये, त्याला त्याच तासात तक्रार करायला मदत करावी. दोन, ज्या बँकेत लुटीचं खातं उघडलं गेलं, तिनेही नुकसान सोसावं, ही मागणी रिझर्व्ह बँकेकडे आणि आपल्या खासदारांकडे लेखी पाठवावी. गुन्हेगाराने लुटलं, बँकेच्या खात्यातून लुटलं, आणि जाब मात्र लुटल्या गेलेल्यानेच द्यायचा, ही पद्धत बदलायलाच हवी.